आड, नळ आणि टाकी : मुंबईतील घरगुती विहिरींची बुजवणूक आणि एक तौलनिक ग्रंथ

'इकडे आड, तिकडे विहीर' ही म्हण मराठी माणूस इतक्या सहजपणे उच्चारतो की तिच्यातील दोन जलाशयांमधला भेद त्याच्या ध्यानातही येत नाही. हिंदीतील समानार्थी म्हणीत एका बाजूस कुआँ आणि दुसऱ्या बाजूस खाई असते. म्हणजे एक पाण्याची जागा आणि एक निव्वळ खंदक. मराठीत दोन्ही बाजूंना पाणीच आहे, फक्त त्याचे प्रकार वेगळे आहेत. आड हा अरुंद, गोल, बिनपायऱ्यांचा, बहुधा घराच्या परसात किंवा वाड्याच्या चौकात असलेला. त्यातून पाणी काढावयाचे ते दोर आणि पोहरा यांनी. विहीर त्याहून रुंद. तिच्यावर मोट चालू शकते, क्वचित पायऱ्याही असतात. पायऱ्यांना प्राधान्य असलेली ती बारव. इंग्रजीत या साऱ्यांसाठी एकच शब्द पुरला, आणि मुंबईच्या नगरपालिकेचा कारभार त्या एका शब्दात चालला. प्रस्तुत लेखात विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घरगुती विहिरी बुजवण्याची आणि झाकण्याची जी मोहीम झाली, तिचा आणि तिच्यातून निर्माण झालेल्या एका तौलनिक ग्रंथाचा एकत्रित विचार करावयाचा आहे. हा ग्रंथ म्हणजे रुस्तम पेस्तनजी मसानी यांचा, १९१८ मध्ये मुंबईत तारापोरवाला यांनी प्रसिद्ध केलेला 'फोकलोअर ऑफ वेल्स'. पूर्व आणि पश्चिम या दोन्हींकडील जलपूजेचा अभ्यास, असे त्याचे उपशीर्षक आहे. तुलनेच्या इतिहासात हा ग्रंथ एका वेगळ्याच कारणासाठी लक्षणीय ठरतो. त्यातील तुलना ग्रंथालयात सुरू झालेली नाही; ती एका नोटिशीपासून सुरू झाली आहे.

विहारपूर्व मुंबई ही विहिरींची आणि तलावांची नगरी होती. समुद्राने वेढलेल्या, मोठ्या अंशी भराव टाकून जोडलेल्या या बेटांवर गोडे पाणी मिळणे ही नशिबाची बाब होती. एका परसात गोडे पाणी लागावे आणि पलीकडच्या परसात मचूळ, हा नेहमीचा अनुभव. चर्चगेटजवळची भिखा बेहराम यांची विहीर १७२५ मधील. समुद्र इतका जवळ असताना तिला गोडे पाणी लागले, यातच तिच्या पावित्र्याचे एक कारण आहे. तिच्या निर्मात्याविषयीची आख्यायिका मराठी वाचकाला विशेष वाटेल. भरुचहून मुंबईकडे येताना भिखाजी मराठ्यांच्या हाती सापडले, पांडवगडावर कैदेत पडले, आणि अंगावरील सदरा-कस्ती दाखवून आपण पारशी असल्याचे पटवल्यावर सुटले. घराण्याचे पांडे हे नाव त्या गडावरून आले, असे परंपरा सांगते.

घरच्या आडाची देखभाल हे एक शास्त्रच होते, जरी ते कोणी लिहून ठेवले नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी खाली गेले की उपसा करावयाचा, माणूस उतरवून गाळ काढावयाचा, तळाशी बुजलेले झरे मोकळे करावयाचे, बांधकामाच्या सांध्यांतून उगवलेली पिंपळाची रोपे मुळासकट उपटावयाची. पिंपळ वेळीच उपटला नाही तर दहा-वीस वर्षांत त्याचे मूळ घडीव दगड हलवते आणि आडाचा कडा आत ढासळतो. पाण्याला वास आला तर आधी कठड्याभोवतालची फरसबंदी पाहावयाची, कारण तिला तडा गेला की मोरीचे सांडपाणी झिरपून परत आडात येते. पाणी एकाएकी कमी झाले तर शेजारी नवे खोदकाम झाले आहे का, याची चौकशी करावयाची. 'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार' ही म्हण ज्या समाजाने घडवली, त्याला दोष वर आहे की तळाशी, हा प्रश्न रोजच पडत असला पाहिजे.

१८६० मध्ये हेन्री कॉनिबेअर यांच्या आखणीतील विहार तलावाचे पाणी शहरात आले. पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. या क्रमाचा इतिहास मरियम दोसल यांच्या अभ्यासामुळे तौलनिक साहित्याच्या वाचकांनाही अपरिचित राहिलेला नाही, म्हणून येथे तो विस्ताराने देत नाही. एवढेच नोंदवावयाचे की नळ आला म्हणून आड गेला नाही. शहरातील मोठे तलाव एकामागून एक भरले गेले आणि आपली नावे तेवढी मागे ठेवून गेले : धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक. घरगुती आडाला मात्र असे नाव मिळण्याचा संभव नव्हता. तो घराच्या आतला होता. घर गेले की त्याची ओळख संपली.

नळाचे पाणी असताना आड का टिकला? याची कारणे अनेक, आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. नळाला पाणी ठरावीक वेळी येई, वरच्या मजल्यांना दाब पुरत नसे, आणि पाणीपट्टी भरावी लागे. आडाचे पाणी उन्हाळ्यात थंड, हाताशी, आणि फुकट. सोवळ्यातील स्वयंपाकाला नळाचे पाणी चालते की नाही, हा वाद तर एकोणिसाव्या शतकात केवळ मुंबईत नव्हे, कलकत्त्यातही रंगला. तोटीतील चामड्याची चकती आणि वाटेत लागलेले अनोळखी हात, हे दोन्ही आक्षेप त्यात होते.

या स्थितीत डास आला. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत हिवतापाच्या परोपजीवीचे डासाशी असलेले नाते उघड केले होते. १९०८ च्या सुमारास, नव्या गोदीचे काम चालू असताना, मुंबईत हिवतापाने उचल खाल्ली, आणि डॉ. सी. ए. बेंटली यांच्याकडे चौकशी सोपवण्यात आली. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष नेमका होता : शहरातील हिवताप पसरवणारा डास हा अॅनाफिलीस स्टीफेन्साय, आणि त्याची पैदास होते ती मुख्यतः विहिरींत, टाक्यांत आणि कारंज्यांच्या हौदांत. येथे एक बाब अधोरेखित केली पाहिजे, कारण तिच्याशिवाय पुढचा संघर्ष समजत नाही. हा डास गटारातील घाण पाण्यात वाढणारा नाही. त्याला बहुधा स्वच्छ, स्थिर, सावलीतले पाणी आवडते. म्हणजे ज्या घरमालकाने आपला आड नीट उपसून, गाळ काढून, निर्मळ राखला होता, तोच आता दोषी ठरत होता. अस्वच्छतेविरुद्धची मोहीम लोकांना परिचयाची होती. १८९६ च्या प्लेगाने ती कटुपणे शिकवली होती. स्वच्छ पाण्यावरचा हा आरोप मात्र सर्वस्वी नवा होता, आणि तो न पटणे हे अडाणीपणाचे लक्षण मानता येत नाही.

(बेंटली पुढे बंगालच्या सार्वजनिक आरोग्य खात्याचे प्रमुख झाले. तेथील हिवताप आणि शेती यांवरील १९२५ च्या त्यांच्या ग्रंथात बांधबंदिस्ती आणि रेल्वेचे भराव यांनी पुराचे पाणी अडल्यामुळे हिवताप वाढला, अशी मांडणी आहे. मुंबईत पाणी झाका म्हणणारा शास्त्रज्ञ बंगालमध्ये पाणी मोकळे सोडा म्हणतो, यात विसंगती नाही. दोन्ही ठिकाणचे डास वेगळे. पण पाण्याविषयीची कोणतीही एकच आज्ञा सर्वत्र लागू करू नये, हे यावरून सहज दिसावे.)

कायद्याचे साधन तयारच होते. १८८८ च्या मुंबई नगरपालिका अधिनियमाचे ३८१ वे कलम उपद्रवकारक साचलेल्या पाण्याविषयीचे आहे. त्यात डबकी, तलाव, विहिरी, खाणींचे खड्डे हे सर्व एकाच ओळीत बसतात. विहिरी बुजवा किंवा डास शिरणार नाही अशा तऱ्हेने झाका, असे मालकांना कळवण्यात येऊ लागले. आणि हरकती येऊ लागल्या.

या हरकती तीन-चार प्रकारच्या होत्या, आणि त्यांतील धार्मिक म्हटल्या गेलेल्या हरकतींचे अंतरंग पाहण्यासारखे आहे. पारशी धर्मात पाणी ही स्वतंत्र पवित्र सृष्टी. आबान महिन्यातील आबान रोजाला पाण्याचे विशेष पूजन होते. त्याहून महत्त्वाचे हे की अग्यारीतील यज्ञविधीसाठी लागणारे पाणी आवारातील विहिरीतूनच घ्यावयाचे असते. म्हणून विहिरीवाचून अग्यारी पूर्ण होत नाही. विहीर बुजवा म्हणजे विधी थांबवा, असाच त्याचा अर्थ झाला. जैनांची हरकत तर जवळजवळ अभियांत्रिकी स्वरूपाची आहे. पाणी गाळून घेतल्यावर गाळणीच्या कापडात राहिलेले सूक्ष्म जीव, ज्याला दिगंबर परंपरेत जिवाणी म्हणतात, ते ज्या जलाशयातून पाणी काढले त्याच जलाशयात हळुवारपणे परत सोडावयाचे असतात. हातपंप बसवलेल्या बंद विहिरीतून पाणी बाहेर येते, पण परत जाण्याला वाट नसते. नळाच्या बाबतीत तर मूळ जलाशयच डोळ्यांआड. हिंदूंच्या बाजूने उत्सर्गाची कल्पना होती. विहीर, तळे यांची प्रतिष्ठा करताना त्यांचा उत्सर्ग करावयाचा, म्हणजे सर्व प्राणिमात्रांसाठी आपले स्वामित्व सोडावयाचे. पां. वा. काणे यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथात प्रतिष्ठा आणि उत्सर्ग यांचे विस्तृत विवेचन केले आहे. जी वस्तू विधिपूर्वक सोडून दिली, ती बुजवण्याचा अधिकार मालकाला कोठून येणार? जीर्णोद्धार पुण्याचा, पण विसर्जन कोणत्या शास्त्रात? आणि शेवटी जलदेवता : महाराष्ट्रात साती आसरा, म्हणजे पाण्याच्या काठी राहणाऱ्या सात अप्सरा, कोकण आणि गुजरात या बाजूंनाही विहिरीत वस्ती करणाऱ्या शक्तींच्या कथा विपुल आहेत. विहीर बंद केल्यास त्या कोपतील आणि घरावर अरिष्ट येईल, हे भय अनेक घरमालकांनी बोलून दाखवले.

मसानी त्या वेळी मुंबई नगरपालिकेचे चिटणीस होते. पुढे १९२२ ते १९२५ या काळात ते आयुक्त झाले, त्या पदावरील पहिले भारतीय. नंतर १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. फारसी सूफी कवी अत्तार यांच्या पक्षिसंमेलनाचे इंग्रजी रूप आणि दादाभाई नौरोजी यांचे चरित्र त्यांच्या नावावर आहे. असा साहित्यिक वृत्तीचा, स्वतः पारशी असलेला माणूस नगरपालिकेच्या कचेरीत बसून विहिरींच्या हरकती वाचतो, आणि त्याला त्यांत केवळ अडथळा न दिसता एक विषय दिसतो, ही घटनाच मनोज्ञ आहे. 'फोकलोअर ऑफ वेल्स'चा उगम या मोहिमेतच आहे, हे ते स्वतः लपवीत नाहीत. मुंबईतील विहिरींशी निगडित समजुतींपासून निघून ते इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड येथील संतांच्या विहिरींकडे, रोग बरे करणाऱ्या झऱ्यांकडे, पाण्यात टाकलेल्या टाचण्यांकडे आणि नाण्यांकडे जातात. त्यांचा हेतू उदार होता. मुंबईचा घरमालक अंधश्रद्ध म्हणून हिणवला जात असेल, तर तीच श्रद्धा साहेबाच्या गावातही आहे, हे त्यांना दाखवावयाचे होते. वसाहतीच्या काळात एका देशी अधिकाऱ्याने पश्चिमेला त्याच सारणीत बसवणे, ज्या सारणीत पूर्वेला बसवले जात होते, हे धाडस कमी लेखता येणार नाही.

तरीही या तुलनेने काही गमावले. कोणत्या कागदपत्रांच्या सोबत हा ग्रंथ उभा आहे, हे पाहिल्यास ते स्पष्ट होते. १९१४ आणि १९१५ मध्ये आर. ई. एन्थोव्हेन यांनी गुजरात आणि कोकण यांच्या लोकसमजुतींची टिपणे दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यांतील बरीच सामग्री ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेली. हेच जॅक्सन नाशिकचे कलेक्टर असताना १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांच्या गोळीला बळी पडले. ही सामग्री जमली ती गावोगावच्या शाळामास्तरांना पाठवलेल्या प्रश्नावलीतून. वरून आलेल्या प्रश्नाला मास्तर उत्तर देणारच. विहिरीत भूत असते का, असे विचारल्यावर भुताची माहिती येते. विहिरीचा गाळ कधी काढता, असे कोणी विचारत नाही आणि म्हणून ते टिपणात येत नाही. लोकसाहित्याच्या या पहिल्या पिढीची सामग्री प्रशासनाच्या प्रश्नांच्या साच्यात ओतलेली आहे, हे आपल्याकडील अभ्यासकांनी पुरेसे मनावर घेतलेले नाही.

मुंबईतील घरमालकाची स्थिती त्या मास्तरापेक्षा वेगळी नव्हती. त्याच्या हातात नोटीस होती. 'नळाला दिवसाचे काही तासच पाणी येते' हे उत्तर कचेरीला ऐकू येण्यासारखे नव्हते, कारण पाणीपुरवठा हा त्याच कचेरीचा विषय होता आणि ती आपल्याविरुद्ध पुरावा मानणार नव्हती. 'झाकणाचा खर्च कोण देणार' हेही नाही. पण धर्मात हस्तक्षेप न करण्याचे धोरण १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यापासून सरकारने मान्य केलेले होते. धर्माच्या भाषेत मांडलेली हरकत नोंदवून घ्यावीच लागे. माझा तर्क असा की या अर्जांतील देवता आणि आत्मे यांचे दाट अस्तित्व हे अंशतः या ऐकू येण्याच्या व्यवस्थेचे फलित आहे. मी येथे श्रद्धेला केवळ बहाणा म्हणत नाही. तसे म्हणणे ही मसानींच्याहून मोठी चूक ठरेल. ज्याला आसरांचे भय होते, त्याला ते खरोखरच होते. परंतु एकाच माणसाला आसरांचे भय, आटलेल्या नळाची चिंता आणि झाकणाच्या खर्चाची विवंचना, तिन्ही एकाच वेळी असू शकतात. कचेरीच्या चाळणीतून त्यांपैकी फक्त पहिले खाली उतरले, आणि मसानींनी प्रामाणिकपणे तेवढेच संग्रहित केले.

जैनांच्या जिवाणीचे उदाहरण या दृष्टीने निर्णायक वाटते. तुलनेच्या त्या पद्धतीत, म्हणजे टायलर यांनी १८७१ मध्ये रूढ केलेल्या 'अवशेषां'च्या कल्पनेत, ही प्रथा कोठे बसेल? ती जलपूजा नाही. तिच्यात देवताही नाही. तिला आयर्लंडमध्ये जोड सापडणार नाही. ती आहे काढलेले पाणी आणि उरलेले जीव यांच्या हिशेबाची एक कार्यपद्धती, जिला विहिरीला उघडे तोंड असणे आवश्यक आहे. जुळण्या शोधणारी तुलना अशा वस्तूपाशी येऊन मुकी होते. साम्याच्या शोधात निघालेल्या अभ्यासाने ज्याला जोडी नाही ते गाळावे, ही आपल्या शास्त्राचीही जुनी खोड आहे.

व्यवहारात मात्र तोड निघाली, आणि ती तुलनेपेक्षा अधिक सूक्ष्म होती. विहीर बुजवण्याऐवजी झाकावी, आणि झाकणात बारीक तारेच्या जाळीचे उघडझाप करणारे दार ठेवावे. जाळीतून डास जात नाही, सूर्यप्रकाश जातो. विधीच्या वेळी दार उघडून पोहरा सोडता येतो. पाण्याला ऊन लागले पाहिजे ही अट पाळली जाते आणि डासाची वाट बंद होते. एका कारागिराने केलेल्या या दाराने धर्म आणि कीटकशास्त्र यांच्यात जो तह घडवला, तो कोणत्याही परिसंवादाने घडवला नसता. अर्थात जाळी गंजते, फाटते, आणि दार उघडे राहते. तह टिकवण्यासाठी कोणीतरी रोज पाहणारा लागतो.

आता परिणाम. १९२८ मध्ये गॉर्डन कोवेल यांचा मुंबईतील हिवतापावरील अहवाल प्रसिद्ध झाला. सतरा वर्षांनीही हिवताप शहरात होता. कारण सरळ आहे. आड बुजला, पण नळाचे पाणी अखंड नव्हते. म्हणून पाणी साठवणे आले, आणि साठवणीसाठी गच्चीवर टाकी आली. स्वच्छ, स्थिर, सावलीतले पाणी हवे असलेल्या डासाला घराच्या तळाऐवजी माथ्यावर जागा मिळाली. आडाचा पर्याय म्हणून नळाकडे बोट दाखवले जात होते, पण प्रत्यक्षात आडाची जागा घेतली ती टाकीने. आणि टाकीचा प्रश्न आजही संपलेला नाही : हाच डास २०१२ मध्ये जिबूतीत आढळला, २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याविषयी इशारा दिला, आणि २०२२ मध्ये इथिओपियातील दिरे दावा या शहरात हिवतापाच्या उद्रेकाशी त्याचा संबंध दिसून आला. ज्या शहरांत नळाचा भरवसा नाही, तेथे लोक पाणी साठवतात. मुंबईच्या त्या घरमालकाचे, कचेरीला ऐकू न आलेले उत्तर आफ्रिकेच्या शिंगावर पुन्हा ऐकू येते आहे.

येथवरच्या मांडणीवरून घरचा आड ही एखादी हरवलेली सुखद वस्तू होती असे कोणी समजेल, तर त्याला थांबवले पाहिजे. आड घराच्या आत असणे म्हणजेच कोणी तरी त्याच्या बाहेर असणे. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, यातच बाकीचे हौद आणि आड बंद होते ही गोष्ट अध्याहृत आहे. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचे ठरले. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. आणि त्यानंतरचा दावा तळे खासगी की सार्वजनिक या मुद्द्यावर दहा वर्षे चालून १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने संपला. प्रेमचंदांची 'ठाकुर का कुआँ' ही कथा याच काळातील, १९३२ ची. घरगुती विहिरींच्या हरकतींचे अर्ज आणि महाडचा दावा हे एकाच दशकभराच्या अंतरातील कागद आहेत, पण ते एकत्र वाचले जात नाहीत. पहिले लोकसाहित्यात गेले, दुसरे राजकीय इतिहासात. उत्सर्गाचा आधार घेणाऱ्या एखाद्या घरमालकाला 'सर्व प्राणिमात्रांसाठी सोडलेले' हे शब्द महाडच्या संदर्भात कोणी आठवून दिले असते, तर त्याने काय उत्तर दिले असते? नळाच्या बाजूने बोलावयाचे तर एवढे निश्चित की तोटी उघडणाऱ्याची जात तोटी विचारीत नाही. चाळीच्या सामाईक नळावर माणसे ती विचारीत, ही गोष्ट वेगळी.

बुजवलेल्या विहिरींचे पुढे काय झाले, याला एक भौतिक बाजू आहे. विहीर नीट बुजवावयाची तर आधी उपसावी, जंतुनाशक टाकावे, पाण्याच्या पातळीपर्यंत मोठे दगड भरावेत म्हणजे झऱ्यांना वाट राहते, त्यावर मुरूम थराथराने ठोकून बसवावा, आणि वरून चिकणमातीचा थर द्यावा. घाईने बुजवताना पडक्या भिंतींचा मलबा, कौलांचे तुकडे, केरकचरा जो हाताशी येईल तो लोटला जातो. असा भराव वर्षानुवर्षे बसत राहतो. चौकातील फरशी मध्येच गोल आकारात खचते, पावसाळ्यात तिथेच ओल धरते, जवळची भिंत तिरपी चिरते. जुन्या घराची दुरुस्ती करणाऱ्या गवंड्याला हा गोल ओळखीचा असतो. तो फरशीवर पहार आपटून आवाजावरून सांगतो. जुन्या भूमापनाच्या नकाशातील लहानसे वर्तुळ त्याला दुजोरा देते. मग मालकापुढे पर्याय असतात. भराव उपसून जुनी विहीर पुन्हा जिवंत करावी, हे कष्टाचे आणि जुने बांधकाम हलले असल्यास धोक्याचे. किंवा शेजारी बोअर घ्यावी. दुसरा पर्याय सोपा म्हणून बहुधा तोच निवडला जातो. पण बोअर ही आडाचा पर्याय नव्हे. आड वरच्या झिजलेल्या, भेगाळ कातळातील उथळ पाण्यावर जगतो, जे पावसाळ्यागणिक भरते. बोअर खालच्या काळ्या पाषाणातील भेगांचे पाणी ओढते, आणि समुद्राजवळ तर उपसा वाढला की खारे पाणी वर येते. या विहिरीचे पाणी ते पाणी नव्हे, असे म्हणणारा शंभर वर्षांपूर्वीचा हरकतदार भूगर्भशास्त्राच्या भाषेत बोलत नव्हता, एवढेच.

१ ऑक्टोबर २००२ पासून मुंबईत एक हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील नव्या इमारतींना पावसाचे पाणी जमिनीत मुरवणे सक्तीचे झाले. २००७ मध्ये ही मर्यादा तीनशे चौरस मीटरवर आली. पाणी मुरवण्यासाठी पुन्हा खड्डे आणि शोषविहिरी खणल्या जाऊ लागल्या. दरम्यान मोहिमेतून वाचलेल्या विहिरींना वेगळीच किंमत आली होती. त्यांचे पाणी टँकरने विकले जात होते. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरणाची ना-हरकत घेण्याविषयी महानगरपालिकेने विहिरींच्या आणि बोअरच्या मालकांना नोटिसा दिल्या, तेव्हा शहरातील टँकरचालकांनी संप केला. महानगरपालिकेने २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाचा आधार घेऊन टँकर आणि खासगी विहिरी ताब्यात घेण्याचे ठरवल्यावर तो काही दिवसांत मिटला. या वेळच्या मालकांच्या म्हणण्यात देवता नव्हत्या. परवानगीसाठी लागणारी कागदपत्रे, टँकर उभा करण्यापुरती जागा आणि मुदत, एवढेच त्यात होते. आणि कचेरीने या खेपेस ते ऐकले, कारण ते आता तिच्याच भाषेत सांगितलेले होते.